गाबोळीवाली शेवंड परत सोडायची का? सोसायटीत विषय घ्यायचाय, मत द्या

लाटेवरचा (देवगड)

नमस्कार मंडळी, एरवी इथे नुसतं वाचत असतो पण आज विषय असाय की चार जणांचं ऐकल्याशिवाय पुढे जायला नको वाटतंय. आमची छोटी फायबरची होडी, आउटबोर्ड इंजिन, मी आणि चुलतभाऊ. खडपाच्या (पाण्यातल्या खडकांच्या) आजूबाजूला तळाला जाळी टाकतो संध्याकाळी, पहाटे ओढतो. पावसाळी बंदी उठल्यावर सुरुवातीला शेवंड (लॉबस्टर) बऱ्यापैकी लागते, मग हळूहळू पातळ होत जाते, हे सगळ्यांनाच माहितीय.

आता मुद्दा. लागलेल्या शेवंडींमधल्या बऱ्याच गाबोळीवर, म्हणजे अंड्यांवर असतात. शेपटी उलटी केली की खाली नारिंगी खसखस थापल्यासारखा गच्च थर. एजंट ती तशीच काट्यावर टाकतो, गाबोळीसकट वजन होतं, पैसे होतात, विषय संपला. पण माझ्या डोक्यातून ते जात नाही कारण मोठी शेवंड आता क्वचित दिसते, बहुतेक मालात छोटीच असतात आणि त्यातल्या पण गाबोळीवाल्या आपण उचलतोय.

नारळी पौर्णिमेच्या आधी आमच्या मच्छीमार सोसायटीची सभा आहे. मला ठराव मांडायचाय की गाबोळीवाली शेवंड आमच्यातल्या कोणी ठेवायची नाही, जिवंत असेल तर जागच्या जागी सोडायची. घरात सांगितलं तर वडील म्हणाले हो चांगलंय पण लोक हसतील. तर विचारायचं असं की सरकारी नियम नेमका काय आहे आणि कोणाकडे आहे, सोडलेली शेवंड खरंच जगते का की आपल्या मनाचं समाधान, आणि आम्ही दहा-वीस होड्यांनी सोडून शेजारचे उचलणार असतील तर त्याला अर्थ काय. परदेशात म्हणे शेपटीला खाच मारून सोडतात, ते आपल्याकडे जमेल का? ज्यांना माहितीय त्यांनी जरा सविस्तर लिहा, सभेत मला तोंड द्यायचंय.

मत्स्य_शिरगाव

चांगला विषय काढलात. मी रत्नागिरीला शिरगावच्या मत्स्य महाविद्यालयात शिकलोय, शेवंडीवर थोडं काम केलंय, त्यामुळे लांबण लागणार आहे, चहा घेऊन बसा.

आधी नियम. केंद्राने २००३ साली शेवंडीच्या निर्यातीसाठी किमान वजन ठरवून दिलं. आपल्या किनाऱ्यावर जी सगळ्यात जास्त मिळते, चिखलट पाण्यातली, अंगावर आडवे पट्टे असलेली, तिला ३०० ग्रॅम. खडपात मिळणारी दुसरी जात आहे तिला २०० ग्रॅम, मोठी रंगीत असते तिला ५०० ग्रॅम, आणि ट्रॉलमध्ये (तळ घासत ओढतात त्या जाळ्यात) येणारी ती चपटी, तिला १५० ग्रॅम. पण नीट बघा, हा निर्यातीचा नियम आहे. माल परदेशी जायचा असेल तेव्हा लागू. मालवणच्या थाळीत किंवा गोव्याच्या हॉटेलात जाणाऱ्या शेवंडीला तो विचारत नाही. आणि वजनाचा नियम हा वजनाचाच. अर्धा किलोची गाबोळीवाली मादी त्यातून आरामात पास होते, आणि खरं नुकसान तिथेच आहे कारण मादी जेवढी मोठी तेवढी अंडी जास्त. छोटीला वाचवायचं आणि मोठ्या आईला पाठवायचं, असा उलटा प्रकार होतो.

राज्याचा सागरी मासेमारी नियमन कायदा १९८१ चा, २०२१ ला त्यात दुरुस्त्या झाल्या, दंड वाढले. २०२३ ला ५४ जातींसाठी किमान आकार ठरवला, पापलेट १३५ मिमी वगैरे तुम्ही पेपरात वाचलंच असेल. पण किती मोठी आणि अंड्यावर आहे की नाही या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. परवाना अधिकाऱ्याकडून शेवंडीबद्दल जे काही असेल ते लेखी मागून घ्या, सभेत तोंडी कोणी ऐकत नाही. आणि ठरावाला कायद्याची वाट बघायची गरज नाहीये, गावाने स्वतःवर घातलेलं बंधन कधीही घालता येतं.

आता जीवशास्त्र. शेवंडीचं मीलन झालं की नर मादीच्या छातीखाली, पायांच्या मध्ये, एक डांबरासारखा काळा डाग चिकटवतो. त्यात बीज असतं. मादीच्या शेवटच्या पायाला टोकाला बारीकसा चिमटा असतो, नराला नसतो, मादी ओळखायची सोपी खूण तीच. त्या चिमट्याने ती डाग खरवडते, अंडी बाहेर येताना फळतात आणि शेपटीखालच्या पिसांसारख्या पायांना चिकटतात. एका मादीला लाखांच्या हिशेबात. ताजी असतात तेव्हा भगवी-नारिंगी, मग तपकिरी होत जातात, शेवटी नीट बघितलं तर आत काळे ठिपके दिसतात, ते पिल्लाचे डोळे. आपल्या कोमट पाण्यात हे सगळं तीन-चार आठवड्यांत उरकतं. म्हणजे तपकिरी गाबोळीची शेवंड तुम्ही काट्यावर टाकलीत तर काही दिवसांत सुटणारं सगळं गेलं.

पावसाळी बंदीत हे होत नाही का असं कोणी विचारेल. १ जून ते ३१ जुलै एवढीच बंदी, आणि शेवंड कमीजास्त प्रमाणात जवळजवळ वर्षभर अंड्यावर असते. बंदीने थोडं झाकलं जातं, सगळं नाही.

पुढचा भाग सभेत कोणीतरी नक्की काढेल म्हणून आधीच सांगतो. अंड्यातून जे निघतं ते शेवंडीसारखं दिसतच नाही. पातळ पारदर्शक पानासारखं, लांब पाय, पोहण्याची फारशी ताकद नाही, महिनोन्‌महिने उघड्या समुद्रात प्रवाहाबरोबर भटकतं आणि मग कुठेतरी किनाऱ्याजवळ येऊन तळाला बसतं. म्हणजे देवगडच्या खडपात सोडलेल्या मादीची पिल्लं देवगडला येतील असं अजिबात नाही. वेंगुर्ल्याला जातील, हर्णैला जातील, कुठेही जातील. लोक म्हणतील मग आपण का सोडायची. त्याचं उत्तर एवढंच की तुमच्या खडपात आज जी आहे ती पण दुसऱ्या कोणीतरी न उचललेल्या मादीची आहे.

आणि उचलत राहिलं की काय होतं याचं उदाहरण लांब नाही. मुंबईत ससून डॉक आणि भाऊच्या धक्क्यावर चपटी शेवंड ट्रॉलमधून यायची, १९८२ ला ३७५ टनांच्या घरात, आणि १९९४ ला दोन-सव्वादोन टन. नंतर जवळपास नाहीच. बारा वर्षांत. ती जात सावकाश वाढते, अंडी तुलनेने कमी, आणि ट्रॉलच्या खोळ्यात अंड्यावरच्या माद्या सरसकट येत राहिल्या. हे आपल्याच राज्यात झालंय.

जुना तांडेल

पोरा, इचार चांगलो आसा, पण एक सांगतंय, रागाव नको. तू तुझ्या होडयेतसून एक शेवंड सोडतलंस, आणि रातचे हायस्पीड ट्रॉलर येवन तळ खरवडून नेतत तेंका कोण इचारता? दोरी तोडून जातत, जाळी घेवन जातत, शेवंड तर सोडाच.

बाकी सगळ्यांना कळावं म्हणून मराठीत लिहितो. मी पन्नास पावसाळे बघितलेत. आमच्या वेळी शेवंडीला भावच नव्हता, घरी खायचे किंवा वाटायचे. भाव आला, बर्फ आला, पेट्या आल्या, त्यानंतर शेवंड कमी झाली. आता ह्याच्यात लहान होडीवाल्यालाच पहिला नियम का? तुम्ही तळाला चार जाळी टाकणार, ट्रॉलर एका ओढीत किती तळ घासतो त्याचा हिशेब करा. ठरावात ट्रॉलरवाल्याचं नाव नसेल तर मी तरी हात वर करणार नाही. शिरगाववाल्या मास्तरांनीच लिहिलंय ना मुंबईची शेवंड कोणी संपवली ते.

लाटेवरचा (देवगड)

तांडेलकाका, तुमचं खरंय. पण ट्रॉलरवाले आमच्या सोसायटीत नाहीत, ठराव करून मी त्यांना थांबवू शकत नाही. मत्स्यव्यवसायवाल्यांकडे जाऊन दहा वेळा सांगायचं तर आपल्या हातात काहीतरी असायला हवं ना, की बघा आम्ही स्वतः एवढं करतो, आता तुम्ही गस्त घाला. नुसता अर्ज दिला की फाईलीत जातो.

@मत्स्य_शिरगाव तो काळा डाग असलेली पण सोडायची का मग? अंडी अजून आली नसतील तर?

मत्स्य_शिरगाव

सोडलीत तर उत्तमच. पण पहिल्याच ठरावात ते घालू नका असं माझं मत. डाग ओळखण्यावरून जेट्टीवर भांडणं होतील, चिखल आहे की डाग आहे असं. गाबोळी आंधळ्याला पण हाताला लागते.

बर्फ आणि काटा

मी या धंद्यातला, मालवणला माल घेतो. एजंटांना इथे शिव्या पडणार हे माहिती होतं म्हणून स्वतःच येतो :)

खरं सांगायचं तर आम्हाला पण गाबोळीवाली नकोच असते, जिवंत माल करणाऱ्याला तरी. टाकीत ठेवली की अंडी गळतात, पाण्याला फेस येतो, त्यात बाकीच्या शेवंडी पण सुस्तावतात. थर्माकोलच्या पेटीत ओल्या गोणपाटात घालून रात्रीच्या गाडीने पाठवायची तर सकाळी तिकडे उघडल्यावर मेलेली निघाली की दर निम्मा. मग घेतो का? कारण समोरचा एजंट घेतो. मी नाही म्हटलं तर होडीवाला त्याची सगळी पकड, म्हणजे सुरमई, पापलेट, सगळंच, त्याच्याकडे वळवतो. होडीवाल्याला उचल आम्ही देतो, जाळ्याचे पैसे आम्ही देतो, म्हणजे आमचंही अडकलेलं असतं. शेवंडीच्या दोन पैशांसाठी गिऱ्हाईक सोडायला कोणी तयार नाही.

म्हणून माझं म्हणणं की ठराव फक्त मच्छीमारांचा नको. बंदरातले जे पाच-सहा घेणारे आहेत त्यांना सभेत बोलवा, एकाच दिवशी सगळ्यांनी सही करायची की गाबोळीवाली काट्यावर ठेवणार नाही. एकाने केलं तर तो मरतो, सगळ्यांनी केलं तर कोणाचंच जात नाही. घेणाराच नसेल तर ती जाळ्यातून काढून पेटीपर्यंत आणायचे कष्ट कोण करेल?

आणि एक वाईट गोष्ट पण सांगून ठेवतो, कारण ठराव झाला की हे होणारच. लोक गाबोळी ब्रशने घासून काढतात आणि शेवंड साधी म्हणून विकतात. समुद्राच्या पाण्यात कपडे धुवायचा ब्रश, दोन मिनिटांचं काम. पण ओळखता येतं. अंडी ज्या बारीक तंतूंनी चिकटलेली असतात ते तंतू शेपटीखालच्या पिसांच्या केसांना तुटके लोंबत राहतात, पिसं पण चुरगळलेली दिसतात, आणि बोट फिरवलं की चिकट लागतं. ज्या मादीने स्वतःहून पिल्लं सोडली ती साफसूफ असते, ती शेवटच्या पायाच्या त्या चिमट्याने सगळं विंचरून काढते. चार दिवस बघितलं की फरक कळायला लागतो.

मूळ गुहागरचा

खाच मारण्याबद्दल विचारलंय म्हणून लिहितो. मी अमेरिकेत बोस्टनजवळ असतो, वर मेन नावाचं राज्य आहे, तिकडची शेवंड जगात प्रसिद्ध. दर उन्हाळ्यात जाणं होतं आणि गाववाला मच्छीमार दिसला की माझी बडबड सुरू होते, बायको वैतागते.

तिकडे अंड्यावरची मादी ठेवायला १८७२ पासून बंदी. तशी मादी पिंजऱ्यात आली की शेपटीच्या पंख्याच्या एका पाकळीला व्ही आकाराची खाच मारून सोडतात. पुढच्या वेळी ती दुसऱ्या कोणाला मिळाली, अंगावर अंडी नसली तरी, खाच दिसली की सोडायची, ठेवली तर गुन्हा. म्हणजे एकदा आई म्हणून सिद्ध झालेली मादी पुढे पण सुरक्षित. शिवाय प्रत्येक बोटीवर एक पितळी मापपट्टी असते, डोळ्याच्या खोबणीपासून पाठीच्या कवचाच्या शेवटापर्यंत माप. सव्वातीन इंचापेक्षा लहान सोडायची आणि पाच इंचापेक्षा मोठी पण सोडायची. दुसरं ऐकून मला पहिल्यांदा हसू आलं होतं, मोठी का सोडायची, पण शिरगावकरांनी वर लिहिलंय तेच कारण. आणि घासून काढण्याचा प्रकार तिकडे पण आहे, संशय आला तर अधिकारी क्लोरीनची चाचणी करतात, चिकटलेल्या डिंकाचे अवशेष त्यात कळतात.

२०१६ ला त्या एका राज्यात जवळपास ६० हजार टन शेवंड उतरली. सगळं श्रेय खाचेचं नाही हं, पाणी गरम होत गेलं, तिला खाणारा कॉड मासा कमी झाला, त्याचाही हात आहे. पण तिकडचे मच्छीमार स्वतः सांगतात की खाच ही त्यांची स्वतःची गोष्ट आहे, सरकारने लादलेली नाही असं समजून पाळतात.

पण आपल्याकडे जसंच्या तसं नको. तिकडची शेवंड वेगळी, दोन मोठे नांगे असतात, थंड पाण्यात अंडी नऊ ते अकरा महिने अंगावर बाळगते, कात पण कमी टाकते, त्यामुळे खाच वर्ष-दोन वर्ष टिकते. आपली नांगे नसलेली, काटेरी, गरम पाण्यात वर्षातून कितीतरी वेळा कात टाकते. खाच भरून जाणार. वर आपली अंड्यावर असते तो काळच तीन-चार आठवड्यांचा, आणि काही आठवड्यांनी परत अंड्यावर येऊ शकते, त्यामुळे नुसतं जागच्या जागी सोडलं तरी पुष्कळ. आणि मुख्य फरक, तिकडे पिंजरा. पिंजऱ्यातून शेवंड अख्खी, न दुखावता वर येते, बारक्यांना बाहेर पडायला वेगळी फट ठेवलेली असते. आपल्याकडे जाळ्यात गुरफटते. तिथे खरी अडचण आहे असं मला इतक्या लांबून वाटतं, जाणकारांनी सांगावं.

जुना तांडेल

ह्या मात्र बरोबर बोललो. जाळ्यातसून काढणा हीच सगळी कला.

लिहून ठेव रे देवगडकरा. रात्रभर जाळ्यात असलेली शेवंड पहाटे काढताना मिशा धरून ओढायची नाही, मिशी तुटली तर तुटू दे पण तिच्या बुडाशी जोर लावलास तर डोक्याचा सांधा उसवतो, मग ती जगत नाही. पाय अडकलाय तर आस (जाळ्याचा डोळा) कापायचा, पाय नाही. लोक उलटं करतात कारण जाळ्याला पैसे पडतात आणि पाय काय, फुकटचा. एक-दोन पाय गेले तरी शेवंड जगते, नवे येतात, पण गाबोळीवर असेल आणि शेपटी फडफडवायला लागली की अंडी सांडतात. पाठीचं कवच वरून धरायचं, शेपटी आपसूक मिटू द्यायची. ओल्या गोणपाटाखाली सावलीत ठेवायची तीही जाळं पूर्ण ओढून होईपर्यंतच. उन्हात फळीवर पडली की गाबोळी वाळली. गोडं पाणी मारायचं नाही, हे पोरगे हमखास करतात, पिण्याचं पाणी ओततात बिचारीला तहान लागली म्हणून.

सोडायची पण खडपातच. वाळूवर भर उजेडात टाकलीस की वाटेतच गोबरा मासा गिळतो. होडी खडपावर घेऊन पाण्यात हात घालून अलगद सोडायची, वरून भिरकवायची नाही. पहाट असेल तर उत्तम. शेवंड तशी कणखर, सुरमईसारखी वर येताच मरत नाही, ओलसर राहिली तर तासन्‌तास जगते. म्हणून सोडण्यात अर्थ आहे, एवढं मी मान्य करतो.

पण कापलेल्या जाळ्याचं काय ते कोणी बोलत नाही.

मत्स्य_शिरगाव

काका, ह्यावर एक धागा आहे. जाळ्यात कासव, डॉल्फिन, देवमासा असं संरक्षित काही अडकलं आणि जाळं कापून सोडलं तर राज्य सरकार २५ हजारापर्यंत भरपाई देतं, २०१८ च्या शेवटी सुरू झालं ते. फोटो-व्हिडिओ लागतो. वनखात्याचा कांदळवन कक्ष बघतो. आपल्याकडच्या बऱ्याच जणांनी घेतलीय. शेवंड त्यात बसत नाही कारण ती वन्यजीवांच्या यादीतली नाही, विकायला परवानगी असलेला माल आहे. पण आस कापून शेवंड सोडायला हजारो रुपये लागत नाहीत, चार-सहा आस सांधायचे. सोसायटीने डिझेलच्या परताव्यातून किंवा वर्गणीतून सुतासाठी छोटा निधी ठेवला तर भागेल. निदान मागणी तरी करा, की कासवाला आहे तसं.

घरगुती जेवण, तारकर्ली

मी होमस्टे चालवते, सगळ्यांचं वाचलं, आता बायकांच्या बाजूचं पण ऐका.

पर्यटक येतात त्यांना शेवंड हवीच असते, ताटाबरोबर फोटो काढायला. आणि अर्ध्या लोकांना वाटतं गाबोळी म्हणजे काहीतरी खास, जास्त पैसे देतो ताई पण गाबोळीवाली बघा. त्यांना माशाच्या गाबोळीची चव माहिती असते, तळलेली, तसंच काहीतरी असणार असं समजतात. शेवंडीची ती बाहेरची अंडी शिजवली की वाळूसारखी चरचरीत लागतात, दातात अडकतात, मी तर कालवण करताना आधीच काढून टाकायचे. डोक्यात जो लालसर भाग असतो ती वेगळी गोष्ट, ती चांगली लागते. हे एकदा नीट सांगितलं की कोणी हट्ट धरत नाही. मी आता सरळ सांगते गाबोळीवाली मिळणार नाही, कोलंबी घ्या, कुर्ल्या घ्या, मोरी घ्या. गिऱ्हाईक काही तुटलेलं नाही.

वेळासला कासवं बघायला गर्दी होते, पूर्वी तिथेच अंडी उकरून न्यायचे. तिथे गावाला पैसा मिळतो म्हणून गावच राखण करतं. शेवंडीसाठी कोण येणारे बघायला असं म्हणाल तर आमच्याकडे स्कुबावाले रोज माणसं खाली नेतात, त्यांना विचारा, खडपाच्या भेगेतून मिशा बाहेर काढून बसलेली शेवंड दाखवली की लोक वर येऊन तेच सांगत बसतात. त्यांनाही सहीला बोलवा ना, जेट्टीवरच असतात.

बर्फ आणि काटा

ताई, हॉटेलवाल्यांनी सगळ्यांनी असं केलं तर आमचं निम्मं काम झालं. सगळा दोष नेहमी काट्यावर येतो.

लाटेवरचा (देवगड)

सगळ्यांचे आभार, एवढं मिळेल वाटलं नव्हतं. रात्री बसून कच्चा मजकूर केलाय, चूक असेल ते सांगा.

"सोसायटीचे सभासद गाबोळी असलेली शेवंड बंदरात उतरवणार नाहीत. जिवंत असल्यास जागेवर खडपात सोडतील. मेलेली आल्यास घरी खावी, विकू नये. गाबोळी घासून काढलेली शेवंड ही गाबोळीवालीच समजली जाईल. जाळे कापावे लागल्यास सुतासाठी सोसायटी निधीतून मदत करेल. बंदरात माल घेणारे व्यापारी यावर सही करतील. तसेच ठरवून दिलेल्या वावाच्या (खोलीच्या) आत येणाऱ्या ट्रॉलरवर कारवाईसाठी गस्त वाढवावी अशी मागणी सोसायटी मत्स्यव्यवसाय विभागाकडे करत आहे."

मेलेल्या शेवंडीबद्दल भाऊ म्हणाला तिचे पैसे सोसायटीला जमा करा, मला ते पटलं नाही, मग सगळ्याच मेलेल्या यायला लागतील.

बर्फ आणि काटा

मेलेलीचं बरोबर केलंत, पैसे कोणालाच नको. पण "बंदरात उतरवणार नाहीत" असं लिहिलंत तर शेजारच्या बंदरात उतरवतील, मी इतकी वर्षं हेच बघतोय. "पकडून ठेवणार नाहीत, विकणार नाहीत व विकत घेणार नाहीत" असं लिहा. आणि व्यापाऱ्यांची सही सभेतच घ्या, नंतर घेतो म्हणणारा घेत नाही, मी पण त्यातलाच.

मत्स्य_शिरगाव

एक भर. सोडलेल्या शेवंडींची वहीत नोंद ठेवा, तारीख, जागा, गाबोळी नारिंगी की तपकिरी, बस एवढंच. फोटो काढलात तर पोटाकडून, पण घाईत. एका हंगामाची अशी वही असेल तर कुठल्या महिन्यात किती माद्या अंड्यावर असतात ते तुमच्या खडपापुरतं कळेल, आणि परवाना अधिकाऱ्यापुढे ठेवायला तुमचा स्वतःचा कागद असेल. ठरावात सगळे महिने ठेवा, नंतर वही बघून ठरवा.

लाटेवरचा (देवगड)

बदल केले. वहीचं काम चुलतबहिणीला देतो, तिचं अक्षर चांगलंय आणि जेट्टीवर तिला कोणी उलट बोलत नाही. तांडेलकाका, तुम्ही याल का सभेला? तुम्ही जाळ्यातून काढायचं दाखवलंत तर पोरं ऐकतील, माझं कोण ऐकणार.

जुना तांडेल

येतंय. पण ट्रॉलरचो विषय पयलो घेवक होयो, शेवंड मागसून. तसा नाय झाला तर मी चाय पियान उठान जातलंय, आत्ताच सांगान ठेवतंय.